दूधघराचं दार

१

देवयानी प्रत्येक माप दोनदा घ्यायची. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. दोन्ही आकडे जुळले की मगच ते पेनने वहीत जायचे. ॲन आर्बरमधल्या ज्या छोट्या ऑफिसात ती नोकरीला होती, तिथे या सवयीची थट्टा व्हायची, पण तिचं एकही ड्रॉइंग कधी दुरुस्तीला परत आलं नव्हतं. नागपूरला आर्किटेक्चर, मग इथे मास्टर्स, मग ही नोकरी. तीन वर्षांत तिने मिशिगनमधली जुनी कोठारं मोजली होती, दोन चर्च मोजली होती, एक बंद पडलेली पिठाची गिरणीसुद्धा.

२००६च्या ऑक्टोबरात आलेलं काम मात्र वेगळं होतं. शहरापासून पाऊण तासावर, मक्याच्या शेतांमध्ये, एक इंग्लिश फार्महाउस उभं होतं. इंग्लिश पद्धतीचं नव्हे, थेट इंग्लंडचंच. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कुणा श्रीमंताने ऐंशी वर्षांपूर्वी नॉरफकमधलं हे तीनशे वर्षांचं घर विकत घेतलं, उलगडलं, पेट्यांमध्ये भरून बोटीने आणलं आणि इथे पुन्हा जसंच्या तसं उभं केलं. आता ते एका ट्रस्टकडे होतं. पुढच्या वसंतात शाळांच्या सहलींसाठी ते खुलं करायचं होतं. जुन्या काळी लोणी कसं काढत, ते मुलांना दूधघरात दाखवायचं होतं. त्याआधी पक्की ड्रॉइंग्ज हवी होती.

टेपचं दुसरं टोक धरायला विष्णूकाका होते. देवयानीच्या शेजारच्या अपार्टमेंटमधल्या कांचनचे ते वडील, सहा महिन्यांसाठी आलेले. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं धरणांच्या बांधकामावर काढलेला माणूस. लेक-जावई ऑफिसला गेले की दिवसभर खिडकीतून पार्किंग लॉट बघत बसायचे. "मला घेऊन जा," ते एक दिवस म्हणाले होते. "मी काम करणार नाही, व्हिसात बसत नाही. नुसता टेप धरून उभा राहीन."

सोमवारी सकाळी दोघं घरासमोर उभी राहिली तेव्हा काकांनी टोपी मागे सरकवून भिंतीकडे बराच वेळ पाहिलं.

"गारगोट्या आहेत की ह्या!"

"हो. फ्लिंट. तिकडे शेतात ढिगाने सापडतात, म्हणून त्यानेच बांधायचे."

"गोल दगडाला कोपरा कुठून आणतील?"

"म्हणून तर विटा." तिने बोटाने दाखवलं. घराचे चारही कोपरे लाल विटांचे होते. दारं-खिडक्यांच्या कडाही विटांच्या, आणि मध्ये दर दोन-अडीच फुटांवर विटांचा एक आडवा पट्टा. बाकी सगळी भिंत गारगोट्यांची. काही अख्ख्या, पांढुरक्या सालीच्या. काही मधोमध फोडून फुटकी बाजू बाहेर ठेवलेल्या, काळ्या, काचेसारख्या चकचकीत.

"म्हणजे विटेने कड धरायची आणि दगडाने पोट भरायचं," काका म्हणाले. "छान आहे. गवंडी शहाणा होता."

२

घर फार मोठं नव्हतं. मध्ये स्वयंपाकघर, एका बाजूला बैठकीची खोली, वर दोन निजायच्या खोल्या आणि उत्तरेला दूधघर. दूधघर थंड राहावं म्हणून त्याच्या तिन्ही बाजूंना मातीचा उंचवटा चढवलेला होता. त्याला खिडकी नव्हती. स्वयंपाकघरातून कमानीचं एक दार, तेवढीच वाट. दाराला फळी नव्हती, नुसती विटांची चौकट होती.

सोमवारी त्या दाराची रुंदी भरली चौतीस इंच. दोनदा मोजली. ऐंशी वर्षांपूर्वीच्या नकाशावरही चौतीसच लिहिलेली होती.

बुधवारी उंची घ्यायची राहिली होती म्हणून दोघं पुन्हा त्या दाराशी आली. टेप हातात होता तेव्हा काकांनी सहज रुंदीही धरली आणि मोठ्याने वाचली, "सव्वा तेहेतीस."

"चौतीस, काका."

"चष्मा नाकावर आहे माझ्या. सव्वा तेहेतीस."

देवयानीने स्वतः मोजलं. उजवीकडून, डावीकडून. सव्वा तेहेतीस. तिने वही उघडली. सोमवारच्या पानावर तिच्याच अक्षरात चौतीस लिहिलेले होते, पेनने.

तिला राग आला, तो स्वतःचाच. मग तिने शांतपणे एकेक गोष्ट तपासली. टेपचं टोक वाकलंय का? गाडीतला दुसरा टेप आणून मोजलं, आकडा तोच. बाकीची दारं मोजली, ती सोमवारच्या आकड्याशी तंतोतंत जुळली. हवेत दमटपणा वाढला तर लाकूड फुगतं, पण हे लाकूड नव्हतं.

"वीट फुगते का हो काका?"

"भट्टीतून निघाल्यावर पहिले काही दिवस, केसभर. तीनशे वर्षांनी नाही." ते खाली वाकून दाराच्या कडेचा वास घेत होते. मग त्यांनी बोट लावलं आणि अंगठ्यावर चोळून पाहिलं. बोट कोरडं होतं. सांधे जुने, काळवंडलेले, एका ठिकाणी कोळ्याचं जाळंही लटकत होतं.

"काय झालं?"

"काही नाही. ओल्या चुन्याचा वास आला. पण ओल तर कुठेच नाही."

३

त्या दुपारी निघण्याआधी देवयानीने एक साधी गोष्ट केली. दाराच्या दोन्ही कडांना लागून जमिनीच्या फरशीवर पेन्सिलने एकेक रेघ मारली. काकांनी उजव्या रेघेशेजारी आपली सही ठोकली, धरणाच्या कामावर ठोकायचे तशी.

गुरुवारी सकाळी दहाला ती दोघं आली. बाहेर लख्ख ऊन होतं, मेपलची झाडं लालभडक झाली होती आणि शेजारच्या शेतात कुणीतरी कापणीचं यंत्र चालवत होतं. स्वयंपाकघरात ऊन थेट चुलीपर्यंत आलेलं.

डाव्या बाजूची रेघ होती. उजव्या बाजूची रेघ नव्हती.

सही होती, पण अर्धी. 'वि'ची वेलांटी आणि उभा दांडा दिसत होता, पुढचं सगळं विटेखाली गेलं होतं. वीट सहीवर बसली होती. आणि ती वीट इतकी जुनी दिसत होती की तिच्या कोपऱ्याला कुणाच्या तरी येण्याजाण्याने गुळगुळीतपणा आला होता.

साडेएकतीस इंच.

मग बाहेरचं यंत्र थांबलं आणि त्या शांततेत देवयानीला आवाज ऐकू आला. दूधघरातून. घस्स. मग टक्, टक्. जरा थांबून पुन्हा घस्स.

"खार असेल," ती म्हणाली. "इथे खारी फार आहेत. नाहीतर माती सरकत असेल बाहेरून."

विष्णूकाका मान तिरकी करून ऐकत होते. त्यांचा चेहरा तिने असा कधी पाहिला नव्हता.

"पोरी, एकतीस वर्षं हा आवाज ऐकून मी जेवलोय," ते म्हणाले. "गवंड्याने करणीने चुना ओढला, दगड ठेवला, मुठीने दोनदा ठोकला. खार म्हणे!"

तिने टॉर्च मारला. दूधघर रिकामं होतं. समोर दगडी ओटा, जमीन स्वच्छ. आवाज बंद झाला होता.

४

साडेचारला ती ऑफिसात परतली आणि तिने तिच्या बॉसला, डग्लसला, सगळे आकडे दाखवले. डग्लस वाईट माणूस नव्हता. त्याने वही नीट पाहिली, फोटो पाहिले.

"सेटलमेंट," तो म्हणाला. "पाया सरकतोय."

"पाया सरकला तर तडा जातो. कमान तुटते. इथे तडा नाही. इथे नवीन बांधकाम आहे, डग्लस, आणि ते जुनं दिसतंय."

"मग चौतीस लिही. जुन्या नकाशात चौतीस आहे, तुझ्या पहिल्या मापात चौतीस आहे. पुढच्या आठवड्यात ट्रस्टला ड्रॉइंगचा सेट द्यायचाय."

"आज तिथे चौतीस नाहीये."

"देवयानी, अडीच इंचांचा प्रश्न आहे."

"त्या खोलीला एकच दार आहे आणि तिथे एका वेळी तीस मुलं उभी करणार आहेत. मी चौतीस लिहून सही करणार नाही."

डग्लसने पेन टेबलावर ठेवलं. "तुझी व्हिसाची फाईल माझ्याकडेच आहे, ठाऊक आहे ना? मी धमकी देत नाहीये. नीट विचार कर, एवढंच."

"केलाय," ती म्हणाली. घरी येताना मात्र तिच्या मनात भीतीपेक्षा संतापच जास्त होता.

५

शुक्रवारी सकाळी दार एकोणतीस इंच होतं. काकांना आणायचं नाही असं तिने ठरवलं होतं, पण ते आधीच खाली येऊन गाडीशी उभे होते. दोघांनी ठरवलं की दूधघराच्या आत कुणीही जायचं नाही.

दुपारी एकच्या सुमारास तिला ओळंबा लागला, दाराची कड सरळ आहे का ते पाहायला. तो गाडीत होता. जायला-यायला चार-पाच मिनिटं. ती परत आली तेव्हा स्वयंपाकघरात काका नव्हते. आवाज येत होता. घस्स. टक्, टक्. या वेळी मध्ये खंडच नव्हता.

दार जेमतेम वीतभर उरलं होतं, दीड वीत फार तर.

"काका!"

"इथे आहे." आवाज आतून आला, अगदी हळू. "मोठ्याने बोलू नकोस. आवाज आला म्हणून बघायला आलो. चुकलं माझं."

"बाहेर या. आडवे व्हा आणि बाहेर या."

"येतो. इथे एक माणूस काम करतोय, देवयानी. त्याची पाठ आहे माझ्याकडे."

पुढे देवयानीने जे केलं त्याला विचार लागला नाही. तिने ओळंबा टाकला आणि उजवा खांदा, छाती, डावा पाय असं करत स्वतःला त्या फटीत घुसवलं. विटांच्या कडा दोन्हीकडून कोटाला घासल्या. विटा थंडगार होत्या. टॉर्च तिने आत धरला.

काका भिंतीला चिकटून उभे होते. त्यांच्यामागे, ओट्याच्या खाली, कुणीतरी उकिडवं बसलं होतं. पाठ, वाकलेली मान, कोपरापर्यंत पांढरे झालेले हात. शेजारी गारगोट्यांचा ढीग. एक हात ढिगाकडे गेला, न पाहता एक दगड उचलला, तळहातावर फिरवून त्याची बाजू शोधली.

"थांब!" देवयानी ओरडली. मराठीत. "काम बंद कर! मी इथून हलणार नाही!"

हात थांबला. तो माणूस वळला नाही, दचकला नाही. दगड हातात धरून तसाच बसून राहिला. बांधकामाच्या वाटेत कुणी उभं राहिलं की कामकरी माणूस जसा खोळंबतो, तसा. चिडलेला नाही, घाईत नाही. वाट पाहणारा. तिचं होऊ दे, मग लावू.

त्या थांबण्याचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटली.

"काका, या. माझ्या खालून या."

ते गुडघ्यांवर आले आणि तिच्या पायाशेजारच्या फटीतून अंग चोळत, स्वेटर फाडून घेत, स्वयंपाकघरात निघाले. लगेच त्यांनी तिचा हात धरून ओढला. "चल! बाहेर चल!"

ती हलली नाही.

"टेप घ्या, काका."

"वेड लागलं का तुला?"

"मी बाहेर आले की हे बंद होणार. मग कोण म्हणेल इथे काय होतं? मी इथे उभी आहे तोवर मोजा. मोजा म्हणते ना!"

काकांच्या हातून टेप दोनदा सुटला. तिसऱ्यांदा तिच्या कमरेपाशी त्यांनी तो या कडेपासून त्या कडेपर्यंत धरला. "सव्वा अकरा," ते म्हणाले. "पुन्हा," ती म्हणाली. त्यांनी पुन्हा मोजलं. सव्वा अकरा. वही त्यांनीच उघडली आणि लिहिलं, मराठी आकड्यात. वेळही घातली.

मग देवयानी बाहेर आली. तिचा मागचा पाय स्वयंपाकघराच्या फरशीवर टेकतो न टेकतो तोच आतून आवाज आला. टक्, टक्.

६

शनिवारी डग्लस स्वतः आला. दाराच्या जागी भिंत होती. गारगोट्या, मध्ये विटांचे दोन पट्टे, सगळं धुराने काळवंडलेलं. डग्लसने हात फिरवला, नखाने सांधा उकरला. दगडासारखा टणक. त्याने जुना नकाशा उघडला. नकाशात दार होतं. देवयानीच्या फोटोंतही होतं. त्याने नकाशा घडी घालून खिशात ठेवला. एवढ्या थंडीत त्याच्या वरच्या ओठावर घाम आला होता.

"ट्रस्टने कुणाकडून तरी बंद करून घेतलं असेल," तो म्हणाला.

"एका रात्रीत? आणि वर काजळी कुणी लावली?"

"मला माहीत नाही. भिंत काढ ड्रॉइंगमध्ये. मुलांना लोण्याचं दाखवायचंय ना, ते स्वयंपाकघरात दाखवतील."

देवयानी दुसऱ्या दाराकडे गेली. स्वयंपाकघरातून बैठकीच्या खोलीत जायचं दार. सोमवारी ते छत्तीस इंच होतं, बुधवारीही. तिने टेपचं टोक डग्लसच्या हातात दिलं. "तूच वाच."

त्याने वाचलं. मोठ्याने नाही. मग टेप सोडून दिला.

"पावणेछत्तीस," ती म्हणाली. "आता हे दार बुजवायला घेतलंय."

रविवारी बसून तिने ड्रॉइंग पुरं केलं. त्यात दूधघर होतं, दार होतं, आणि दाराशेजारी तारखा-वेळांसकट पाच मापं होती. चौतीस, सव्वा तेहेतीस, साडेएकतीस, एकोणतीस, सव्वा अकरा. सहावी ओळ: बंद. खाली सही. डग्लसचा फोन आला. हे ट्रस्टला पाठवलंस तर सोमवारी ऑफिसला येऊ नकोस, असं तो म्हणाला. तिने ते पाठवलं आणि सोमवारी ऑफिसला गेली नाही. कांचनने तिला वकिलाचा नंबर दिला आणि विचारलं, "यार, तू सरळ चौतीस लिहून मोकळी का नाही झालीस?"

"तुझे बाबा आत होते म्हणून," देवयानी म्हणाली. कांचनला ते काही केल्या समजलं नाही. काकांनी घरी अवाक्षर काढलं नव्हतं.

७

ट्रस्टच्या अध्यक्ष मिसेस बोमन सत्तरीच्या होत्या आणि त्यांना कोड्यात बोललेलं चालत नसे. त्यांनी ड्रॉइंग पाहून फोन केला. "तू म्हणतेस भिंतीमागे खोली आहे. मग एक दगड काढून दाखव. मी येते, डग्लसलाही बोलावते."

गुरुवारी भर दुपारी बाराला स्वयंपाकघरात चौघं उभी होती. मिसेस बोमन, डग्लस, विष्णूकाका आणि देवयानी. बाहेर निरभ्र आकाश. मिसेस बोमननी आणलेला गवंडी दारातूनच परत गेला होता. भिंत त्याने लांबून पाहिली, थोडा वेळ कान दिला, आणि पैसे नकोत म्हणाला. हत्यारं मात्र तिथेच ठेवून गेला.

देवयानीने छिन्नी घेतली. छातीच्या उंचीवर मुठीएवढी एक गारगोटी निवडली आणि तिच्याभोवतीचा चुना फोडायला लागली. वरचा थर लोखंडासारखा होता. अर्धा इंच आत गेल्यावर छिन्नी एकदम रुतली. आतला चुना मऊ होता, लोण्यासारखा. तो तिच्या मनगटावरून ओघळला आणि खोलीभर ओला वास पसरला.

"माय गॉड," मिसेस बोमन म्हणाल्या.

गारगोटी हलली, सुटली, तिच्या हातात आली. भिंतीला एक काळं भोक पडलं. त्यातून गार हवा आली. चौघंही त्या भोकाकडे पाहत राहिली. तीन सेकंद, चार.

मग आतून दोन पांढरी बोटं दिसली, आणि एक दगड. भोकात तो तिरका आला, जरासा फिरला, आपली बाजू शोधून नीट बसला. टक्, टक्. भोवतीचा चुना त्यांच्या डोळ्यांदेखत राखाडी झाला, मग काळा. दगडावर धुराची पुटं चढली. भिंत पुन्हा पहिल्यासारखी अखंड झाली.

डग्लस बाहेर निघून गेला. अंगणातून त्याच्या उलटीचा आवाज आला. मिसेस बोमन खुर्चीचा आधार शोधत होत्या, पण त्या पळाल्या नाहीत. "घर बंद," त्या म्हणाल्या. "आजपासून. एकही मूल इथे येणार नाही. मी लिहून देते, चला आता."

"तुम्ही व्हा पुढे," देवयानी म्हणाली.

"आता आणखी काय सिद्ध करायचंय तुला?"

"काहीच नाही." हातातली गारगोटी तिने टेबलावर ठेवली. "तुम्ही कुलूप लावाल. वीस वर्षांनी दुसरं कुणीतरी येऊन ते उघडेल. तोवर हे घर कुठवर भरलेलं असेल? तिथे दार होतं. चौतीस इंचांचं. मला ते परत हवंय."

तिने आधीच्या जागेशेजारची दुसरी गारगोटी हेरली आणि छिन्नी लावली. आत करणी चुन्यातून फिरल्याचा आवाज आला. घस्स. तिने हातोडा मारला.

विष्णूकाका एवढा वेळ चुलीपाशी उभे होते. ते पुढे आले, फाटक्या स्वेटरच्या बाह्या वर केल्या आणि गवंड्याच्या हत्यारांतली मोठी छिन्नी उचलली. भिंत खालून वर नजरेने मोजली.

"तिथून नको," ते म्हणाले. "मधून काढलं तर अंगावर येईल. ती खुर्ची आण इकडे. वरून घेऊ."